ताप उतरलाय, पण गोळीवर. पळायला जाऊ का?

सकाळची_धाव

नमस्कार मंडळी,

धागा काढण्यामागे शुद्ध स्वार्थ आहे. हाफ मॅरेथॉन तोंडावर आली आहे, सगळ्यात लांब पल्ल्याचा सराव याच आठवड्यात करायचा होता आणि नेमकी आत्ताच आडवी झाले. आधी नाक गळायला लागलं, मग घसा धरला आणि परवा रात्री कणकण आली. थर्मामीटरवर १०१ च्या वर. काल दिवसभर पॅरासिटामॉल घेतली, संध्याकाळपासून अंग गार आहे. आज उठले तेव्हा डोकं जड नव्हतं, भूकही लागली. पण मांड्या ठणकतायत, कोरडा खोकला आहे आणि जिना चढून आले की वाजवीपेक्षा जास्त धाप लागते. शेवटची गोळी आज सकाळी घेतली.

वय ४१. बीपी, शुगर, दमा यातलं काही नाही.

पळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं तर जितकी तोंडं तितके सल्ले. एक म्हणाला, "दुखणं गळ्याच्या वर असेल तर पळ, खाली असेल तर झोप." माझं वरही आहे आणि खालीही. दुसरा म्हणाला, थोडं जॉगिंग करून घाम काढ, उरलासुरला ताप निघून जाईल. नवऱ्याने माझे बूट कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलेत, त्यामुळे त्याचं मत वेगळं विचारावं लागलं नाही.

हे गळ्याच्या वर-खाली प्रकरण कितपत खरं आहे? आणि ताप गेला असं नेमकं कधी म्हणायचं? आठवडाभर बसून राहिले तर इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल ही धास्ती आहे ती वेगळीच. "आराम करा" एवढंच लिहिणार असाल तर ते घरात ऐकून झालंय. कारणं सांगा.

लोखंड_उचल्या

ताई, मी सर्दीपडशासाठी जिम बुडवत नाही. नाक कितीही चोंदलेलं असो, वॉर्मअप झाला की मोकळं होतं. वजन थोडं कमी लावायचं, दोन सेट कमी करायचे, झालं. एकदा आडवं पडलं की माणूस आडवाच राहतो. घाम निघाला की बरं वाटतं हा तर सगळ्यांचाच अनुभव आहे. मी म्हणेन, हळूहळू तीन-चार किलोमीटर करून बघा, नाही जमलं तर परत या.

पाठीचा_कणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखापतीतून उठलेले धावपटू रोजच्या कामात येतात, आणि आजारातून अर्धवट उठलेलेही. कारणं मागितली आहेत म्हणून लांब लिहिते.

आज जाऊ नका. उद्याही नाही.

तुमचा ताप गेलेला नाही, निदान गेला असं म्हणायला काही आधार नाही. पॅरासिटामॉलचा असर साधारण चार ते सहा तास राहतो. तेवढ्या वेळात थर्मामीटर जो आकडा दाखवतो तो गोळीचा. गोळी न घेता सलग चोवीस तास ताप चढला नाही, तर तो उतरला असं धरायचं. तुम्ही सकाळी गोळी घेतलीत, म्हणजे ती चोवीस तासांची मोजणी अजून सुरूच झालेली नाही. ती सुरू करा असं म्हणताना, सोसवत नसतानाही गोळी टाळा असं सांगत नाहीये. अंग फार दुखत असेल तर जरूर घ्या, फक्त त्या दिवशीचा आकडा धरू नका.

आता घामाचं. ताप म्हणजे मेंदूने शरीराचं ठरलेलं तापमान मुद्दाम वर सरकवणं. वर सरकताना थंडी वाजते, खाली येताना घाम फुटतो. म्हणजे ताप उतरायला लागला म्हणून घाम येतो, घाम आला म्हणून ताप उतरत नाही. पळून घाम काढणाऱ्याने यातला क्रमच उलटा लावलेला असतो. त्यात पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. आधीच तापलेल्या शरीरात आणखी उष्णता, वरून पाणी कमी. तापात एक अंश सेल्सिअसमागे हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. म्हणजे तुम्ही नुसत्या पडून असलात तरी हृदय थोडं चालतच असतं. जिन्यावरची धाप त्यातलीच असू शकते.

गळ्याचा नियम. १९९० च्या दशकात डॉ. रँडी आइकनर या अमेरिकन डॉक्टरांनी तो खेळाडूंमध्ये रुळवला. नाक गळणं, शिंका, घशात जराशी खवखव एवढंच असेल तर हलका व्यायाम चालतो. छातीत कफ, अंगदुखी, ताप, उलट्या, जुलाब यातलं काहीही असलं तर नाही. पहिली चाळण म्हणून चांगला आहे, मीही वापरते. आणि वर-खाली दोन्ही असेल तर खालचं धरायचं, यात वाद नाही. मांड्या ठणकणं हे "खाली"च आहे बरं का. ती सरावाची ठणक नाही, विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं त्यांची आहे.

पण या चाळणीला भोकं आहेत. घसा सुजून गिळताही येत नाही, मानेच्या गाठी वर आल्यात, थकवा संपता संपत नाही, असं तरुण मुलांमध्ये दिसलं की एपस्टीन-बार विषाणूचा मोनोन्यूक्लिओसिस हा आजार डोक्यात यायला हवा. सगळी तक्रार गळ्याच्या वर, आणि धोका मात्र पोटात. यात प्लीहा सुजते आणि धक्क्याने, क्वचित धक्का न लागताही, फाटू शकते. हा धोका पहिल्या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त. म्हणून या पोरांना धक्काबुक्कीचे खेळ आणि जड वजनं किमान तेवढे दिवस बंद. नियम पाळूनही इथे माणूस गोत्यात येतो.

आता तापात पळू नका असं आम्ही इतक्या कळकळीने का सांगतो ते. उत्तर हृदयात आहे. सर्दी, फ्लू, पोटाचे विकार करणारे काही विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात आणि तिथे सूज येते. याला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकी बी हा त्यातला जुना आरोपी. १९७० मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला होता. उंदरांना कॉक्सॅकी बी-३ ची लागण करून काहींना पोहायला लावलं. पोहणाऱ्यांच्या हृदयात विषाणू कैक पटींनी वाढलेला सापडला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि ते पोहणं जबरदस्तीचं होतं, हे मान्य. पण स्वीडनमध्ये जे झालं ते माणसांचं आहे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानावनातून पळायचा ओरिएंटियरिंग नावाचा खेळ तिथे फार लोकप्रिय. १९७९ ते १९९२ या काळात त्यातले १६ तरुण खेळाडू अचानक गेले. धडधाकट, दम भरपूर असलेली मुलं. शवविच्छेदनात बऱ्याच जणांच्या हृदयात ही सूज दिसली. नेमका कोणता जंतू यावर एकमत झालं नाही. १९९२ च्या शेवटी तिथल्या वरच्या खेळाडूंचा सराव आणि स्पर्धा सहा महिने थांबवल्या गेल्या आणि आजारपणात सराव न करण्याबद्दल खेळाडूंना बजावण्यात आलं. त्यानंतरची काही वर्षं असा मृत्यू झाला नाही.

हे वाचून घाबरू नका. मायोकार्डायटिस दुर्मिळ आहे आणि तुम्हाला तो आहे असं काहीही दिसत नाही. अडचण एवढीच की सुरुवातीला तो साध्या फ्लूसारखाच वाटतो, वेगळा ओळखता येत नाही. चार दिवस न पळण्याची किंमत नगण्य, म्हणून ती मोजायची.

छातीत दुखणं, विनाकारण धडधड, ठोका चुकल्यासारखं वाटणं, चक्कर, आणि ताप जाऊनही न ओसरणारी धाप. यातलं काहीही आलं तर फोरमवर विचारत बसू नका, डॉक्टरांकडे जा, ईसीजी काढा. जिन्यावरची धाप तुम्ही लिहिली आहे. ताप गेल्यावर दोन-तीन दिवसांत ती गेली नाही तर हे तुम्हालाही लागू.

मागून_दुसरा

वरच्या प्रतिसादाला +१. मी फक्त मेहनत पाण्यात जाण्याबद्दल लिहितो, कारण आजारपणात लोक पळतात ते याच भीतीने. तब्येतीची हौस म्हणून कोणी तापात पळत नाही.

दम आठवड्यात जात नाही. पहिल्या दहा-बारा दिवसांत जे घटतं ते थोडं असतं, आणि त्यातलं बरंचसं रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटल्यामुळे. ते सराव सुरू झाला की लवकर भरून येतं. ताकद तर त्याहून उशिरा उतरते. स्पर्धेआधी आपण मुद्दाम सराव कमी करतो ना, टेपरिंग? तेव्हा कोणी रडत नाही.

पण (इथे माझं अनेकांशी भांडण होतं) न पळणं आणि अंथरुणाला खिळणं यात फार फरक आहे. १९६६ मध्ये डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने बिछान्यात ठेवलं होतं. शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सरासरी चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. गंमत म्हणजे तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं होतं त्याहून त्या तीन आठवड्यांनी जास्त नेलं होतं असं निघालं. तेव्हा ताप नसेल त्या वेळी घरात उठा, बसा, खुर्चीत बसून वाचा, खिडकीपर्यंत चाला. हा व्यायाम नाही आणि तो घड्याळात नोंदवायचाही नाही. घड्याळ शक्यतो काढूनच ठेवा. "आज तुमची पावलं अपुरी" असं ते तापातही सांगतं, त्याला काय कळतंय.

लोखंड_उचल्या

पाठीचा_कणा, घामाचा क्रम उलटा हे पटलं. तो मुद्दा मागे घेतो. पण नुसतं नाक गळतंय, ताप नाही, अंग दुखत नाही, तरीही बसून राहा असं म्हणणार असाल तर असहमत. माझं बाकीचं म्हणणं तेवढंच होतं.

पाठीचा_कणा

मी तसं म्हटलेलंच नाही! आणि त्या बाबतीत पुरावा तुमच्याच बाजूने आहे. थॉमस वायडनर या संशोधकाने अमेरिकेत बॉल स्टेट विद्यापीठात स्वयंसेवक तरुणांच्या नाकात चक्क सर्दीचा विषाणू सोडला. रायनोव्हायरस १६. मग काहींना दहा दिवस दिवसाआड चाळीस मिनिटं मध्यम व्यायाम करायला लावला, बाकीच्यांना नाही. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्दी किती दिवस टिकली आणि किती त्रास झाला, दोन्ही गटांत फरक नाही. म्हणजे व्यायामाने सर्दी वाढली नाही. मात्र लवकर बरीही झाली नाही, हे जिममध्ये सांगताना विसरू नका.

आणि तो विषाणू सौम्य होता, स्वयंसेवक तरुण आणि ठणठणीत होते, व्यायाम मध्यम होता. यावरून जड डेडलिफ्ट किंवा तापातली धाव यांना परवानगी निघत नाही. नाक आणि कपाळाच्या पोकळ्या भरलेल्या असताना श्वास कोंडून वजन उचललंत तर डोकं काय ठणकतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक, तुमच्यासाठीच. सर्दी पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त पसरते. तुमच्या हातातली डंबेल पाच मिनिटांनी दुसऱ्याच्या हातात जाते आणि तो हात नाकाला लागतो. त्याच्या घरी केमोथेरपी चालू असलेलं कोणी असू शकतं. तेव्हा व्यायाम करायचाच तर घरी करा. याला माझ्याकडे सवलत नाही.

इन्सुलिनवाला

धागा थोडा भरकटवतो. मला टाइप १ मधुमेह आहे. आजारी असताना "साखर वाढली आहे तर चालून उतरवतो" असं करणारे आमच्यात बरेच आहेत. एरवी चालतं ते. पण आजारपणात शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं, इन्सुलिन नीट लागू पडत नाही आणि साखर २५० च्या वर असून कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) निघत असतील तर व्यायामाने साखर उतरायच्या ऐवजी चढते, कीटोनही वाढतात. तिथून कीटोअॅसिडोसिस (रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतणारी अवस्था) दूर नाही. आधी कीटोन तपासा. असतील तर पाणी, इन्सुलिन, डॉक्टरांना फोन, याच क्रमाने. आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. ताईंना हे लागू नाही, पण असे धागे शोधून वाचणाऱ्यांना असेल.

सकाळची_धाव

सगळ्यांचे आभार. बूट फळीवरच आहेत.

अपडेट: काल सकाळनंतर गोळी घेतलेली नाही. रात्री ९९.४ होता, आज सकाळी ९८.६. मांड्या बऱ्याच हलक्या झाल्या. धाप कालच्यापेक्षा कमी आहे, पण आहे. खोकला तसाच. एरवी सकाळी उठल्या उठल्या माझे ठोके ५८ च्या आसपास असतात, आज ७१ भरले. हे कशात धरायचं? आणि खोकला पूर्ण जाईपर्यंत थांबायचं का? माझा खोकला एकदा आला की महिनाभर मुक्काम करतो.

पाठीचा_कणा

ठोके मोजलेत हे उत्तम केलंत. एरवीपेक्षा दहाच्या वर आहेत, म्हणजे शरीर अजून त्याच कामात आहे. थर्मामीटरच्या आधी हा आकडा बिघडतो आणि थर्मामीटरच्या नंतर सुधारतो, असं मला बऱ्याच जणांत दिसलंय. तो नेहमीच्या चार-पाच ठोक्यांच्या आत आला की बोलू.

खोकल्यासाठी थांबायची गरज नाही. विषाणू गेल्यावरही श्वासनलिका काही आठवडे चिडलेली राहते, तीन आठवडे तर सहज. बाकी सगळं ठीक असेल, कफ येत नसेल, छातीत शिट्टी वाजत नसेल, तर अशा उरलेल्या खोकल्यासह हळूहळू सुरुवात करता येते. थंड कोरड्या हवेत तो उसळतो, म्हणून पहिले काही दिवस पहाटेची हौस बाजूला ठेवा. (नाव बदलावं लागेल तुम्हाला थोडे दिवस.)

सुरुवात चालण्याने. सपाट रस्ता, पंधरा-वीस मिनिटं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. त्या दिवशी कसं वाटलं याच्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतंय ते महत्त्वाचं. ठोके नेहमीचे, अंग हलकं, तर पुढची पायरी: चालता चालता मधूनच मिनिटभर पळणं. मग सलग पण सावकाश. वेगाचा सराव आणि चढ सगळ्यात शेवटी. जितके दिवस आजारी होतात त्याच्या दुप्पट दिवस या चढणीला द्या, हा आमच्याकडचा ठोकताळा. विज्ञान नाही, पण उपयोगी पडतो.

चालून आल्यावर लगेच ठीक वाटलं आणि एक-दोन दिवसांनी अंगातलं बळच गेलं, डोकं धुरकट झालं, झोपून उठलं तरी थकवा तसाच, असं झालं तर रेटायचं नाही. कोविडनंतर हे खूप जणांत दिसलं. अशांना "रोज थोडं थोडं वाढवा" हा नेहमीचा सल्ला उलटतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या आजारासाठीची मार्गदर्शक तत्त्वं बदलताना ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार काढून टाकला तो यामुळेच. तुमचं तसं काही होईल असं वाटत नाही, पण लक्ष ठेवा.

आणि स्पर्धेबद्दल. लांब पल्ल्याचा बुडालेला सराव पुढच्या आठवड्यात कोंबू नका. तो गेला. आता त्या दिवशी वेळेकडे न बघता पूर्ण करणं एवढंच धरा, आणि आदल्या दिवशी ताप असेल तर सोडून द्या.

मागून_दुसरा

वेळेकडे न बघता पूर्ण करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. लागेल ती मदत मागा.

सकाळची_धाव

:D नक्की मागेन.

शेवटचा प्रश्न. नाकासाठी एक सर्दीची गोळी घेतेय, त्यावर फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन लिहिलंय. आणि ग्रुपवरच्या एकाने "माझ्याकडे उरलेली अँटिबायोटिक आहे, देऊ का" विचारलंय. लेव्होफ्लॉक्सासिन.

पाठीचा_कणा

ती अँटिबायोटिक अजिबात नाही. एक तर विषाणूवर तिचा उपयोग शून्य. दुसरं, धावणाऱ्यांसाठी तर ती फारच वाईट निवड. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांनी कंडरा दुखावतात, विशेषतः टाचेमागची अकिलीस, आणि कधी तुटतेसुद्धा. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २००८ मध्ये या गटाच्या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. डॉक्टरांनी गरज म्हणून लिहून दिली तर घ्यायचीच, पण तेव्हा "मी पळते" हे त्यांना सांगायचं.

सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन झोप आणतं, तोंड कोरडं करतं. रात्री घेतलीत तर हरकत नाही, ती घेऊन गाडी चालवू नका. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं म्हणून नाक मोकळं व्हावं अशी अपेक्षा. पोटातून घेतल्यावर त्याचा नाकाला फारसा उपयोग होत नाही असं एफडीएच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. याच्याच नात्यातलं स्यूडोएफेड्रिन मात्र खरंच काम करतं आणि ठोके व बीपीही वाढवतं. ते घेऊन पळायचं नाही, आणि सकाळचे ठोके मोजायचे असतील तर आदल्या रात्रीही नको. नाकासाठी वाफ किंवा मिठाच्या पाण्याचा स्प्रे घ्या, तुमच्या ठोक्यांच्या हिशोबात ते लुडबुड करत नाहीत. अंगदुखीला आयबुप्रोफेन घेत असाल तर पाणी नीट प्या. शरीरात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडाला जड जातं.

उद्या सकाळचे ठोके इथे लिहा.